शेवग्यावरून नेलेली लाईट

शेवग्याच्या झाडाचा भरवसा कोणी धरत नाही. फांदी दिसायला मनगटाएवढी, पण वजन पडलं की काडकन मोडणार. म्हणून शेंगा काढायला पोरांना वर चढू देत नाहीत, खालूनच आकडीनं ओढतात. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. कराड तालुक्यातल्या आमच्या आण्णांनाही ते ठाऊक होतं. तरी त्यांनी घरातली लाईट गोठ्यात नेली ती शेवग्यावरूनच.

कारण सरळ वाटेत धाकटा भाऊ होता.

घर वडिलांनी बांधलेलं, रस्त्यापासून मागच्या ओढ्यापर्यंत लांबच लांब गेलेलं. सहा वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा पुढचा सोपा आणि माजघर आण्णांकडं आलं, मधलं अंगण आणि त्यालगतच्या दोन खोल्या धाकट्या बापूंकडं गेल्या, अगदी मागचा गोठा पुन्हा आण्णांकडं. चार शहाण्यांनी दोरी धरून केलेली वाटणी. कागदावर बरोबर, वापरायला अवघड. भाऊ बोलत होते तोवर ती चालली. आण्णा वैरणीचा भारा घेऊन बापूंच्या अंगणातूनच गोठ्यात जायचे. मग विजेच्या बिलावरून बिनसलं. मीटर एकच, तेही वारलेल्या वडिलांच्या नावावर. एका उन्हाळ्यात बिल साडेअकराशे आलं. बापूंच्या घरात मिक्सर आहे म्हणून त्यांनी जास्त द्यावं, असं आण्णांचं म्हणणं. आण्णांचा टीव्ही रात्री अकरापर्यंत चालतो, असं बापूंचं. बापूंनी आपलं वेगळं मीटर घेतलं, अंगणाला तारेचं कुंपण घातलं, आणि आण्णा बोळातून वळसा घालून गोठ्यात जाऊ लागले. साडेअकराशे रुपयांत दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद व्हावं, याचं मला लिहिताना हसू येतं. पण आपल्याकडं वीतभर बांधावरून दोन-दोन पिढ्या कोर्टात जातात, त्या मानानं हे भांडण मोठंच म्हणायचं.

यंदा उन्हाळ्यात आण्णांनी कडबाकुट्टीचं मशीन घेतलं. दोन एचपीची सिंगल फेज मोटर. कडबा कापायच्या यंत्राचा आमच्या भागाशी जुना ऋणानुबंध आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सुरुवातीला जी यंत्रं बनवली त्यांत लोखंडी नांगर होता आणि कडबा कापायचं यंत्रही होतं. पुढं १९१० साली औंध संस्थानच्या राजांनी जागा दिली आणि कुंडलच्या माळावर निवडुंग तोडून किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या काळचं यंत्र हातानं फिरवायचं होतं. आता चाक फिरवायला मोटर आली, आणि मोटर आली की तार आली.

घरातल्या मीटरपासून गोठ्यापर्यंत सरळ अंतर ४५ मीटर. पण सरळ जायचं म्हणजे बापूंच्या अंगणातून चर खणायचा, आणि त्यासाठी बापूंना विचारायचं. बोळातून, भिंतीच्या कडेनं, शेवग्याच्या दुबेळक्यातून वळसा घालून ७५ मीटर. त्यात कोणाला विचारायचं नव्हतं. आण्णांनी ७५ निवडले.

काम केलं गावातल्या झिरो वायरमननं. शहरातल्या वाचकाला हा शब्द नवा असेल. वीज कंपनीच्या पटावर ज्याचं नाव नाही, पण खऱ्या वायरमनच्या हाताखाली राहून जो खांबावर चढतो, फ्यूज बांधतो, गावातल्या घरांची फिटिंगं करतो, तो झिरो वायरमन. हे पोरगं हुशार होतं, हाताला चपळ होतं, पण शिकलं होतं ते बघून बघून. तालुक्याच्या गावातून त्यानं एक चौरस मिलिमीटरच्या वायरची दोन बंडलं आणली, एक लाल, एक काळं. बंडल ९० मीटरचं असतं, त्यामुळं मध्ये सांधा लागला नाही, याचा त्याला अभिमान. दुकानदारानं हिरवं बंडल पण देऊ का म्हणून विचारलं होतं. आण्णा म्हणाले, ‘दोन तारांवर बल्ब लागतो न्हवं? मग तिसरी कशाला?’

गोठ्यात बोर्ड बसला. थ्री-पिनच्या तिसऱ्या भोकात काहीतरी हवं म्हणून पोरानं काळ्या वायरचाच तुकडा तिथं जोडला. ‘न्यूट्रल म्हंजे अर्थिंगच की,’ असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. हे वाक्य आपल्याकडं किती गोठ्यांत, किती विहिरींवर ऐकलं असेल याची गणती नाही. नवे एलईडी दिवे लागले, शेडला निळा पत्रा आला, कुट्टी मशीन लोखंडी अँगलच्या चौकटीवर बोल्टांनी आवळलं. त्याच चौकटीला वेल्डिंग करून पाण्याची डोण केली होती, उभा कापलेला लोखंडी बॅरल. दिसायला सगळं झकास. लोक बघून गेले.

पहिली कुरकुर मोटरनं केली. संध्याकाळी बटण दाबलं की नुसती घुंऽऽ करायची, फिरायची नाही. आण्णांनी युक्ती काढली. बटण दाबायचं आणि चाकाला हातानं एक हिसका द्यायचा, की मशीन धरायचं. पात्याजवळ हात नेऊन रोज संध्याकाळी हा खेळ. गावात असे खेळ लोक फुशारकीनं सांगतात. बोटं गेलेलेही त्याच गावात असतात.

दुसरी कुरकुर चंद्रीनं केली. चंद्री म्हणजे आण्णांची मुऱ्हा म्हैस, तिसऱ्या वेताची, दोन वेळचं मिळून नऊ-दहा लिटर देणारी. सकाळी डोणीवर घटाघटा पाणी प्यायची. संध्याकाळी मात्र डोणीपाशी यायची, तोंड खाली न्यायची, आणि फुस्स करून मागं सरायची. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. दोन आठवड्यांत दूध सहा लिटरवर आलं. डॉक्टर आले, जंताचं औषध झालं, कॅल्शियम झालं. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली, दाराला बिब्बा-मिरची टांगली. आण्णांनी तर डोळा बापूंच्या अंगणाकडं वळवून, नजर कोणाची लागली असेल तेही ठरवून टाकलं.

वैनी, म्हणजे आण्णांच्या घरच्या, एकदा म्हणाल्या होत्या, ‘आवं, मशीन चालू असलं की मगच ती पाणी पीत न्हाय. आन् मला बी त्या डोणीला हात लावला की मुंग्या येत्यात.’ आण्णांनी स्वतः डोणीला हात लावून बघितला. काही नाही. झिरो वायरमनला बोलावलं. त्यानं टेस्टर लावला. टेस्टर लागला नाही. ‘करंट न्हाय,’ पोरानं निकाल दिला. आण्णांच्या पायात टायरची चप्पल होती, पोराच्या पायात रबरी बूट. वैनी गोठ्यात अनवाणी वावरायच्या आणि म्हैस तर जन्माची अनवाणी. ज्या दोघींचे पाय ओल्या जमिनीला लागलेले होते, त्या दोघींनाच कळत होतं. त्यांतली एक बोलू शकत नव्हती, दुसरी बोलली ते कोणी ऐकलं नाही.

आषाढात बेंदूर आला. आमच्या सातारा-सांगलीकडं पोळा नाही, बेंदूर. पुरणपोळीला म्हणून बहीण-मेहुणे, म्हणजे आक्का आणि दाजी, आले. दाजी पलूसचे, तिकडं त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटरीतली तांब्याची गुंडाळी उलगडून नव्यानं भरता भरता चाळीस वर्षं गेलेली. संध्याकाळी आण्णांनी पाहुण्याला नवं मशीन दाखवायला नेलं आणि चाकाला हिसका देऊन सुरू करून दाखवलं. दाजींचं लक्ष मशीनकडं नव्हतं. ते मागं सरणाऱ्या चंद्रीकडं बघत होते.

‘मशीन बंद करा,’ ते म्हणाले. बंद केलं. चंद्री पुढं आली, तोंड पाण्याजवळ नेलं, थोडं प्याली. ‘आता चालू करा.’ चाक फिरलं, आणि चंद्रीनं मान झटकली.

दाजींनी गाडीच्या डिकीतून मल्टिमीटर आणला. गोठ्यातली पहार ओल्या जमिनीत ठोकली, एक टोक पहारेला लावलं, दुसरं डोणीच्या कडेला. मशीन बंद, नुसते दिवे चालू: एक व्होल्टही नाही. मशीन चालू: १२ व्होल्ट.

‘बारा?’ आण्णा हसले. ‘घरात दोनशे तीस हाईत, दाजी. बारा व्होल्टानं काय होतंय?’

‘तुमचा टेस्टर बारावर लागत न्हाय, त्याला पन्नास-साठच्या वर लागत्यात. पर म्हशीचं तोंड ओलं, पाय ओलं, खालची जमीन शेणामुताची. तिला बारा बास हाईत.’

दाजी हे अनुभवानं बोलत होते, पण त्यामागं मोठा अभ्यास उभा आहे. गोठ्यात लोखंडावर असा विजेचा थोडासा दाब उतरला की जनावरं पाणी तोडतात, धार काढू देत नाहीत, दूध घटतं, हे परदेशांतल्या दूधधंद्यात बरंच गाजलेलं प्रकरण. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९९१ साली एवढ्या एका विषयावर अख्खी हस्तपुस्तिका काढली. गाईगुरांच्या अंगाचा विरोध माणसापेक्षा कमी असतो. पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असल्यानं जमिनीतून पसरणारा दाबही त्यांना दोन ठिकाणी वेगवेगळा लागतो. माणसाला कळायच्या आत त्यांना कळतं.

मग आण्णांना समजेल अशा भाषेत दाजींनी उलगडा केला. ‘नदीवरनं उसाला पाणी आणायचं तर दीड इंची पाईप टाकाल का? न्हाय न्हवं. लांबी वाढली की पाईप जाड लागती. तुमी वळसा घालून लांबी वाढवली आन् तार मातुर बल्बाची टाकली. मोटर सुरू हुताना चार-पाच पट ओढती. निम्मा दाब वाटंतच मरतो, म्हून ती घुं करती. ही झाली जायाची वाट. आता यायची वाट बघा. गेलेली वीज या काळ्या तारेनं माघारी जाती. तीबी बारीक, तीबी लांब. नऊ-दहा अँपिअर परत जाताना तिथं तुंबत्यात, आन् त्या तुंबलेल्या जागंला तुमी मोटरीचं अंग बांधलंय. मोटर अँगलवर, अँगलला डोण. आमच्याकडं पलूस-वाळव्याला काय झालं ठावं हाय न्हवं? पाणी दिलं, निचरा दिला न्हाय. रानं पांढरी पडली.’

हे आण्णांना लागलं. पलूस, वाळवा, मिरज भागातल्या क्षारपड जमिनी त्यांनी पाहिल्या होत्या. उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजलं, जास्तीचं पाणी निघून जायला वाट ठेवली नाही, आणि खालचं मीठ वर आलं. एके काळी सोनं पिकवणाऱ्या काळ्या रानात आता कुसळ उगवत नाही. पाणी आणणाऱ्या योजनेचा नारळ फुटतो, निचऱ्याच्या चराचा कोणी फोडत नाही. आक्काच्या सासरच्या दोन एकरांत आत्ता कुठं सच्छिद्र पाईप पुरून निचरा केला होता, आणि त्यातही अर्धा खर्च शेजाऱ्याच्या रानातून पाणी ओढ्यापर्यंत न्यायचा होता.

‘आन् ह्ये तर काहीच न्हाय,’ दाजी पुढं म्हणाले. ‘ही काळी तार जर कुटं तुटली, लाल शाबूत राहिली, आन् गोठ्यात एक बल्ब जरी चालू असला, तर बल्बातनं येऊन सगळा दोनशे तीसचा दाब या डोणीवर बसंल. मग मुंग्या न्हाय यायच्या.’

त्यांनी आण्णांना न विचारता घरात जाऊन गोठ्याच्या लाईनचा फ्यूज काढला आणि खिशात टाकला. जेवताना सांगितलं, काय काय लागेल. तीन पदरी आर्मर्ड केबल, चार चौरस मिलिमीटर तांब्याची. सरळ नेली तर पंचेचाळीस मीटर पुरे. चालत्या मोटरीला वाटेतली घट सत्तावीस व्होल्टांवरून चारावर येते. अडीच फूट खोल चर, खाली वाळू, वर वाळू, त्यावर विटा, म्हणजे पुढं कोणाची कुदळ पडली तर आधी वीट लागेल. हिरवी तार घरापासून गोठ्यापर्यंत सलग. गोठ्यापाशी स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा, अडीच मीटरची जीआय पाईप, भोवती कोळसा आणि मीठ. तुमची जमीन काळी, ओल धरणारी, हे नशीब. माण-खटाव, आटपाडी-जतच्या मुरमाड माळावर उन्हाळ्यात त्या खड्ड्यात घागरीनं पाणी ओतावं लागतं. काळ्या तारेचं आणि हिरवीचं गोठ्यात कुठंही लग्न लावायचं नाही. डोण, अँगल, शेडचे खांब सगळे एका पट्टीनं हिरवीला बांधायचे. घरात मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी, गोठ्यात दोन्ही तारा एकदम तोडणारा स्विच. काम परवाना असलेल्या ठेकेदाराकडून, आणि वीज कंपनीत अर्ज करून मंजूर भार वाढवून घ्यायचा.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. खर्चाला ते तयार होते. दोनच गोष्टींनी अडलं. चर जाणार बापूंच्या अंगणातून. आणि मीटर अजून वडिलांच्या नावावर. आधी ते आपल्या नावावर करायचं, तर कागदावर दुसऱ्या वारसाची संमती हवी. दुसरा वारस म्हणजे बापू.

‘इचारा की,’ आक्का म्हणाली. ‘भाऊच हाय.’

आण्णा म्हणाले, ‘बघू.’

हा शब्द मराठी माणसानं किती कामांवर पालथा घातला आहे! दाजी-आक्का दुसऱ्या दिवशी गेले, फ्यूज दाजींच्या खिशातच गेला. आण्णांनी पाच दिवस विळ्यानं कडबा तोडला, अंधारात कंदील घेऊन धार काढली, पण बापूंच्या दाराशी गेले नाहीत. चंद्री मात्र पहिल्याच संध्याकाळी डोणीत तोंड घालून भरपेट पाणी प्याली. आण्णा ते बघत उभे राहिले होते.

त्यांचे वडील तरुणपणी कोयनेच्या बोगद्यावर मजुरीला होते. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिसळतं, ते संगमावर सगळ्यांना दिसतं; पण विजेसाठी तेच पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरवलं, पोफळीला डोंगराच्या आत वीजघर खोदलं आणि १९६२ साली तिथं वीज तयार होऊ लागली. धरणाची भिंत बघायला सहली येतात, खरं काम जमिनीखाली झालं, असं म्हातारा सांगायचा. दुसरी त्याची गोष्ट भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून एकवीस मिनिटांनी जमीन हलली, त्याच्या थोडं आधी गोठ्यातली बैलं दावी तोडायला लागली होती म्हणे. म्हातारा उठून गोठ्यात गेला म्हणून भिंतीखाली सापडला नाही. शास्त्र याला काय म्हणेल ते म्हणो. दोन्ही पोरांनी ही गोष्ट शंभरदा ऐकली होती. जनावर अडलं तर आधी आपली चूक शोधायची, म्हातारा म्हणायचा. आण्णांनी बापूंची शोधली होती.

पाचव्या रात्री वारं सुटलं. आषाढातला पाऊस एरवी आमच्याकडं झिमझिम. त्या रात्री मात्र ओढ्याकाठची झाडं पिळवटून निघाली. पहाटे उजाडता उजाडता आण्णा टमरेल घेऊन बोळात आले तर शेवग्याची मोठी फांदी आडवी पडलेली, तिच्याबरोबर तार खाली आलेली, अर्धी चिखलात, अर्धी भिंतीवर लोंबत. आणि तिच्या अलीकडं, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, हातात लांब कोरडी काठी धरून बापू उभे. कितीतरी वेळ उभे असावेत, कारण खोळ पार भिजली होती. बाजूला आण्णांचा नातू दप्तर पोटाशी धरून उभा. शाळेची सहाची एसटी धरायला तो रोज याच बोळातून जायचा. काकाआजानं त्याला तिथंच थांबवून ठेवलं होतं.

बापू इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य बोलले.

‘आण्णा, तार जिती हाय का?’

‘न्हाय,’ आण्णा म्हणाले. ‘फ्यूज दाजींनी नेलाय.’

बापूंनी काठी खाली टेकवली. मग दोघं जवळ गेले. काळी तार तुटली होती. लाल शाबूत होती.

आण्णा त्या तुटलेल्या टोकाकडं बराच वेळ बघत होते. दाजींनी जे सांगितलं होतं ते शब्द न् शब्द समोर पडलं होतं, फक्त फ्यूज जागेवर नव्हता एवढाच फरक. असा अपघात झाला की पुढं विद्युत निरीक्षक येतो, पंचनामा होतो, आणि वीज कंपनीच्या खांबाचा-तारेचा दोष निघाला तर भरपाईही मिळते. मीटरच्या अलीकडची तार ज्याची त्याची. तिच्या भरपाईचा अर्ज कुठं करणार?

‘अंगणातनं चर घ्यावा लागंल,’ आण्णा म्हणाले. विचारणं असं ते नव्हतं, पण त्यांच्याकडून तेवढंच निघालं.

‘घ्या की,’ बापू म्हणाले. ‘जास्वंदीला धक्का लागता कामा नये. ती आईनं लावल्याली हाय.’

इथं दोघा भावांनी गळ्यात गळा घातला असं लिहिता आलं असतं. तसं काही झालं नाही. नातू सातच्या गाडीनं गेला. बापूंनी संमतीच्या कागदावर सही केली, पण कागद दोनदा वाचून घेतल्यावर. वाटणी पुन्हा उकरायची नाही, अशी एक ओळ त्यात घालायला लावली. चर खणायला दोन गडी आले, आणि जास्वंदीपाशी आल्यावर बापूंनी स्वतः कुदळ घेऊन मुळांच्या बाहेरून वळसा मारला. त्या वळणापायी केबल दोन मीटर जास्त लागली. झिरो वायरमनही बघायला आला. परवानावाल्या ठेकेदारानं त्याला हाकललं नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मिठाचे थर कसे देतात, ते त्याच्याच हातानं करून घेतलं. पोरानं विचारलं, काळी आणि हिरवी शेवटी तिकडं ट्रान्सफॉर्मरला एकच होतात, मग इथं जोडलं तर काय बिघडतं? ठेकेदार म्हणाला, संगमावर कृष्णा-कोयना एकच होत्यात, म्हणून काय पाटणला बांध फोडून दोन्ही नद्या एक करशील? हे उत्तर शास्त्राला किती धरून आहे ते असो. पोराला पटलं. त्यानं पुढच्याच आठवड्यात आयटीआयच्या तारतंत्री ट्रेडची चौकशी केली, असं कळलं.

बापूंनी एक गोष्ट मागितली. केबल अंगणातून चाललीच आहे तर त्यांच्या अंगणात एक दिवा तिच्यावरून द्यावा, मीटर आण्णांचं. इतक्या वर्षांनी भाऊ काही मागतोय म्हटल्यावर आण्णा लगेच हो म्हणाले असते. ठेकेदारानंच अडवलं. एकाच्या मीटरवरून दुसऱ्याच्या घराला लाईट देणं म्हणजे अनधिकृत वापर, २००३ च्या वीज कायद्यात त्याला दंड आहे. शिवाय पुन्हा बिल आलं की? दोघे भाऊ एकमेकांकडं न बघता हसले. बापूंनी आपल्या मीटरवरून अंगणात दिवा घेतला. तो आण्णांच्या गोठ्याच्या वाटेवर पडेल असा खांबावर जरा वर बसवला, आणि तारेच्या कुंपणाला एक फाटक केलं.

आता कुट्टी मशीन बटण दाबलं की फिरतं, चाकाला हात लावावा लागत नाही. दाजींनी दसऱ्याला येऊन पहार ठोकून पुन्हा मोजलं. मशीन चालू असताना डोणीवर काही निघालं नाही. वैनींना त्यांनी मुद्दाम अनवाणी पायानं डोणीला हात लावायला सांगितला, आणि त्यांनी ‘न्हाय’ म्हटल्यावरच मल्टिमीटर डिकीत टाकला. चंद्री आठ लिटरवर आली आहे, पूर्वीच्या नऊ-दहावर अजून नाही. शेवगा बुंध्यापासून फुटला आहे.

बापूंच्या नातीनं अंगणाच्या भिंतीवर तेलरंगानं एक बाण काढला आहे. जास्वंदीपाशी तो वळतो. खाली लिहिलंय: ‘आण्णा आजोबांची लाईट अडीच फुटांवर आहे. खणू नये.’